दत्तक संस्थेला मदत करायचीय? मग बाळांना खेळवायला जाऊ नका

आधी संस्थेची सरकारी मान्यता आणि लेखापरीक्षित हिशेब पाहा. यातले काहीही दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था शोधा.

पैसे दरमहा द्या, थोडे चालतील, पण अट न घालता. ‘माझे पैसे पगारात जायला नकोत’ हे ऐकून मी कंटाळलो आहे. रात्रपाळीला बाळे सांभाळणाऱ्या बायका, समुपदेशक, कागदपत्रे पाहणारा कारकून यांच्याशिवाय संस्थेत उरते काय? तुम्ही स्वतः दत्तकासाठी रांगेत असाल, तर मूल कायद्याने तुमचे होईपर्यंत त्या संस्थेला देणगी देऊ नका. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकातून कुणालाही गैरवाजवी लाभ होता कामा नये, असे त्याविषयीच्या १९९३च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराचे कलम ३२ सांगते. रांगेतल्या पालकाची देणगी या रेषेच्या फार जवळ जाते.

आता वेळ देण्याविषयी. मला सगळ्यात जड गेले ते हेच, कारण मनापासून करावेसे वाटते नेमके तेच इथे टाळायचे असते. बाळाला तासभर मांडीवर घेऊन बसलो की आपल्याला फार बरे वाटते. पण सहा-सात महिन्यांनंतर मूल ठरावीक माणसांना धरून राहू लागते, आणि पाहुणा जीव लावून निघून जातो. पुढच्या रविवारी दुसरा येतो, तोही जातो. हे त्या मुलाने किती वेळा सोसायचे? रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधली १३६ मुले होती. त्यांतली काही संगोपन कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, पाठवली गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना अनेक बाबतींत सर्वाधिक फायदा झाला. म्हणून मुलाचा संस्थेतला मुक्काम ज्याने कमी होईल, तेच काम मागून घ्या. हिशेब लिहा, अहवालांचे भाषांतर करा, गृहभेटीला निघालेल्या समाजसेविकेला गाडीने पोहोचवा. गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही करायला सांगतील, ती आनंदाने करा.

मुलांमध्येच काम करायचे असेल, तर किमान वर्षभर, ठरलेल्या दिवशी, त्याच मुलांसाठी येण्याची तयारी ठेवा. तेही कर्मचाऱ्यांच्या हाताखाली. तुमची कसलीही चौकशी न करता संस्थेने थेट बाळांच्या खोलीत सोडले, तर खूश होऊ नका. तिथे कुणालाही असेच आत सोडत असतील.

फोटो काढू नका. पाठमोरासुद्धा नको.

जुन्या फायलींकडे देणगीदारांचे लक्ष क्वचितच जाते. दत्तक गेलेली मुले मोठी होऊन आपला जन्म, आपली माणसे शोधत येतात, तेव्हा पहिला आधार त्या फायलींचाच असतो. मुलाच्या मूळ माहितीचे जतन करावे, असे हेग कराराचे कलम ३० बजावते, पण कपाटाचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात. संस्थेला विचारा: फायली कोरड्या जागी आहेत का, आगीपासून सुरक्षित आहेत का, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती दुसरीकडे ठेवल्या आहेत का? उत्तर ‘नाही’ आले, तर तुमची पुढची रक्कम त्यासाठी वापरता येईल असे त्यांना कळवा.