पेरणीआधी सामू बघा, मग खतांची यादी करा

पेरणीला अजून दीड-दोन महिने आहेत. शेत मोकळे आहे, माती कोरडी आहे आणि मागच्या हंगामातल्या खताचा जोर ओसरला आहे. माती तपासायला याहून चांगली वेळ वर्षात मिळत नाही. अहवाल हाती आला की आपली नजर थेट नत्र, स्फुरद, पालाश या तीन आकड्यांवर जाते. माझी कळकळीची विनंती आहे की त्याआधी सामूचा, म्हणजे पीएचचा, आकडा वाचा. गोणीतले किती खत पिकाच्या तोंडी लागणार आणि किती मातीतच अडकून पडणार, हे बऱ्याच अंशी तोच आकडा ठरवतो.

नमुना नीट घेतला नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. नागमोडी चालत शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, व्ही आकाराचा खड्डा घ्या. बांध, झाडाची सावली, शेणखताच्या ढिगाची जागा आणि पाणी साचणारा कोपरा टाळा. काळी आणि मुरमाड माती एकत्र करू नका, त्यांचे नमुने वेगळे पाठवा. दर वेळी त्याच महिन्यात नमुना घेत चला. कोरड्या दिवसांत जमिनीत क्षार साठतात आणि सामू थोडा कमी दिसतो. भर पावसानंतर क्षार धुतले गेले की तोच आकडा वर सरकतो. दोन वेगळ्या ऋतूंतल्या आकड्यांची तुलना केली तर जमीन बदलली असा उगाच समज होतो.

सामूच्या पट्टीवर 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल आणि वर विम्ल. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी 1909 साली विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करताना ही पट्टी मांडली. विकरे किती वेगाने काम करतात हे द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असते, म्हणून त्यांना ती नेमकी मोजायची होती. मातीतले जिवाणू विकरांच्याच जोरावर काम करत असल्यामुळे हे आपल्यालाही थेट लागू पडते. या पट्टीची एक पायरी म्हणजे दहा पट फरक. सामू 6.5 चा 5.5 झाला तर आम्लता दहा पट वाढली, 4.5 झाला तर शंभर पट.

सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. त्याने मुळांची टोके जाड आणि आखूड होतात, मुळे खोल जात नाहीत. पावसाने आठ दिवस ओढ दिली की असे पीक शेजारच्या शेताआधी माना टाकते आणि आपण पाण्याला दोष देतो. याच पट्ट्यात स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमबरोबर घट्ट बसतो. अमोनियमचे नायट्रेट करणारे जिवाणू 6 च्या खालीच मंदावतात. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर रायझोबियमच्या, म्हणजे हवेतले नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या, गाठी कमी येतात. बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळूनही फायदा दिसला नाही, तर आधी सामू तपासा. पीक महिन्याचे झाल्यावर एक रोप हळूच उपटून गाठ कापून बघा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे.

अशा जमिनीला चुना द्यायचा तो आत्ताच. बारीक दळलेला चुना लवकर काम करतो, पण त्यालाही ओलावा आणि काही आठवडे लागतात. मात्रा शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. सामू दोघांचाही 5.2 असला तरी चिकण आणि सेंद्रिय कर्ब भरपूर असलेल्या मातीला वाळूसर मातीच्या कित्येक पट चुना लागतो, म्हणून अहवालात चुन्याची गरज वेगळी मागून घ्या. सामू 6 ते 6.5 पर्यंत आला तरी पुरे. 7 च्या पुढे ढकलला तर जस्त, मंगल (मँगेनीज) आणि बोरॉन अडकतात. चुना आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेट एकाच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते.

सामू 7 च्या बराच वर असेल तर मात्र थांबा. इथे दोन वेगळे आजार आहेत आणि गल्लत नेहमी इथेच होते. सामू 8.5 च्या वर, जमीन ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, पाणी मुरत नाही, तर ती चोपण जमीन. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो. जिप्सममधला कॅल्शियम त्याची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. निचरा नसेल तर जिप्सम टाकून काहीच साधत नाही, आधी चर काढा.

दुसरी चुनखडीची जमीन. सामू साधारण 7.5 ते 8.4, आणि मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की फेस येतो. अशा जमिनीचा सामू गंधक टाकून खाली आणण्याच्या मागे लागू नका. हिशोब करून बघा. एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंमी थरात सुमारे 20 लाख किलो माती असते. त्यात 5 टक्के चुना असेल तर तो झाला 100 टन, आणि तेवढा संपवायला 32 टन गंधक लागेल. म्हणून सगळे शेत बदलण्याऐवजी मुळाजवळची जागा सांभाळा. स्फुरद फोकून न देता ओळीत द्या. नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून दिला तर मुळाभोवती तात्पुरती आम्लता तयार होते. युरिया मातीआड करा: सामू 7 ला अमोनियमपैकी एक टक्काही अमोनिया वायूच्या रूपात नसतो, 9 ला तो एक तृतीयांशाहून जास्त होतो, आणि विरघळणाऱ्या युरियाच्या दाण्याभोवती सामू तसाच चढतो.

चुनखडीत केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात, ते बहुतेकदा लोहाअभावी. जमिनीत लोह भरपूर असते, पण सामू एकाने वाढला की त्याची विद्राव्यता सुमारे हजार पटीने घटते. इथे चिलेटेड लोहाचे, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या लोहाचे, नाव नीट वाचून घ्या. ईडीटीए प्रकार सामू साधारण 6.5 पर्यंतच टिकतो, डीटीपीए सुमारे 7.5 पर्यंत, त्यापुढे मुळाशी द्यायला ईडीडीएचए लागते. चुनखडीत ईडीटीए आळवणीने देणे म्हणजे पैसे मातीत घालणे, हे मी स्पष्टच सांगतो. फवारणीतून मात्र साधे फेरस सल्फेटही उपयोगी पडते.

आता फवारणीच्या पाण्याकडे वळू. विहीर-बोअरचे पाणी अनेकदा 8 च्या आसपास असते आणि काही औषधे त्यात टाकीतच फुटतात. कॅप्टन या बुरशीनाशकाचे निम्मे प्रमाण सामू 5 ला सुमारे 32 तासांत नष्ट होते, 7 ला 8 तासांत, तर 8 ला अवघ्या 10 मिनिटांत. पंप भरून शेताच्या टोकाला पोहोचेपर्यंत अर्धे औषध संपलेले असते. म्हणून आधी पाणी मोजा, सायट्रिक आम्ल थोडे थोडे घालून 5.5 ते 6.5 वर आणा, मग औषध मिसळा आणि लगेच फवारा. आम्ल नेहमी पाण्यात घाला, पाणी आम्लात कधीही ओतू नका. ताम्रयुक्त बुरशीनाशकांना मात्र हा नियम लावू नका. आम्ल पाण्यात तांब्याचे आयन मोकळे होतात आणि पाने करपतात. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) केल्यावर त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी निवळी घालून पुन्हा तपासल्याशिवाय फवारू नका.