नाताळची सजावट घरातल्या सगळ्यांनी मिळून कशी करावी

सजावटीला २५ डिसेंबरपूर्वीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या (येशूच्या जन्माची वाट पाहण्याच्या काळाच्या) आरंभी, सुरुवात केली तर घाई होत नाही आणि प्रत्येकाला हातभार लावता येतो. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या बसवून दर रविवारी एकेक वाढवत पेटवावी. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये धर्मोपदेशक योहान हिन्रिख विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून मेणबत्त्या लावलेले लाकडी चक्र टांगले होते.

झाड ताजे असेल तर बुंध्याचा तळ दोन-अडीच सेंटिमीटर कापून ते लगेच पाण्यात उभे करावे, कारण कापलेल्या भागावर डिंक साचला की पाणी वर चढत नाही. दिव्यांची माळ आधी जमिनीवर पसरून, पेटवून तपासावी. मग बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत नेऊन पुन्हा आत आणावी, म्हणजे उजेड पानांच्या आतून पाझरतो आणि झाड भरगच्च दिसते. जड शोभेच्या वस्तू बुंध्याजवळ, हलक्या टोकांवर टांगाव्यात. पेटत्या मेणबत्त्या मात्र झाडापासून दूरच हव्यात.

माझ्या मते सगळ्यांत मोलाची प्रथा म्हणजे दरवर्षी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक वस्तू करून तिच्या मागे नाव व साल लिहिणे. लहानग्याने कापलेला वाकडा कागदी तारा मोठ्यांनी सरळ करू नये. तो आहे तसाच, नजरेसमोरच्या फांदीवर लावावा.