‘बरंय की’च्या पुढं काय विचारायचं: म्हातारपण आणि आरोग्यावर रिसर्च करणाऱ्यांसाठी

समाजशास्त्रात एमए नाहीतर पीएचडी करताय आणि टॉपिक म्हातारपण-आरोग्याचा घेतलाय ना, तर आधी सिनॉप्सिसवरचं ‘वृद्धांच्या आरोग्यविषयक समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे टायटल खोडा. माझंही अगदी हेच होतं, आणि गाईडनी वाचून एवढंच विचारलं की यात प्रश्न कुठाय? खरंच नव्हता. प्रश्न म्हणजे कोण, कुठले आणि नेमकं काय, एवढं तरी त्यात दिसायला पाहिजे. मी सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव पट्ट्यात काम केलं, तिथले कितीतरी लोक मुंबईत गिरणीत, माथाडीत होते आणि १९८२च्या संपानंतर गावी परत आले, मग माझा प्रश्न झाला की या घरांमध्ये म्हातारपणीची औषधं कोण आणतं, पैसे कुठून येतात आणि गोळी बंद करायची हे कोण ठरवतं. एवढा बारीक प्रश्न झाला की निम्मं काम झालं समजा.

फिल्डवर पळायच्या आधी आहे तो डेटा बघून घ्या. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेचा लासी (देशभरातल्या म्हातारपणाचा) सर्वे आहे, पहिली वेव्ह म्हणजे फेरी २०१७-१८ची, ४५ वर्षांवरची आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त माणसं, आजारांपासून हाताच्या पकडीच्या ताकदीपर्यंत सगळं मोजलंय, आणि अर्ज केला की डेटा वापरायला मिळतो. एनएसएसच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) दवाखान्याच्या खर्चासोबत साठीच्या वरच्यांचे वेगळे प्रश्न आहेत. फक्त वेट्स (नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायचा तो आकडा) न लावता टक्केवारी काढू नका, आणि एका वेव्हवरून कारण ठोकून देऊ नका. एकटा राहतो म्हणून आजारी, की आजारी म्हणून कुणी विचारत नाही, हे एकदाच काढलेल्या फोटोवरून कळत नाही.

एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र लवकर टाका, मी उशीर केला आणि एक अख्खा उन्हाळा हातातून गेला. त्यात एक गोष्ट आधीच लिहून मंजूर करून घ्या, अंगठ्याचं काय करणार. संमतीपत्रावर शाईचं पॅड पुढं केलं की म्हातारी माणसं हात मागे घेतात, कारण अंगठा दिला आणि जमीन गेली असल्या गोष्टी प्रत्येक भावकीत आहेत. माझ्या दुसऱ्याच घरी आजी म्हणाल्या, “बोलते तू म्हणशील तेवढं, पण अंगठा न्हाय द्यायची.” साक्षीदारासमोर तोंडी संमती घ्यायची सोय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या गाईडलाईन्समध्ये आहे, पण कमिटीची परवानगी आधी लागते, फिल्डवर बसून तुम्ही ठरवायचं नाही.

माणसं शोधायला सगळे पहिल्यांदा ज्येष्ठ नागरिक संघात नाहीतर विरंगुळा केंद्रात जातात, मीही गेले. चहा मिळाला, तासाभरात सहा मुलाखती झाल्या, आणि सहाच्या सहा पेन्शनवाले पुरुष. जी माणसं चालत संघापर्यंत येतात ती आधीच बरी असतात हो. घरात खाटेवर पडलेली, नातवंडं सांभाळणारी, शेळ्यामागं जाणारी बाई तिथं सापडत नाही. तिच्यासाठी आशाताईंना धरा, त्यांना घरन् घर पाठ असतं. पण आशाताईंना मुलाखतीला शेजारी बसवू नका, नाहीतर सगळेच्या सगळे “गोळ्या येळच्या येळी घेतो” म्हणतात.

वय किती हा सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात फसवा प्रश्न. उत्तरं साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल येतात, आणि आधारवर कितीतरी जणांची जन्मतारीख एक जानेवारी. मग घटना धरून मागं जायचं. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात पोरं किती होती, थोरला चालत होता का? पुण्याकडं असाल तर पानशेत फुटलं तेव्हा (जुलै १९६१) शाळेत होता का, असं. वय तर निघतंच, पण खरी गंमत पुढं आहे. दुष्काळाचं नाव काढलं की बाया आपणहून गुडघेदुखीच्या विषयावर येतात. एक आजी मला म्हणाल्या की हे गुडघं म्हातारपणाचं न्हाईत, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो तिथलं हायत, मग तिथं खायला मिळणारी सुकडी आली, मिलोच्या (बाहेरून आलेल्या ज्वारीच्या) लाल भाकरी आल्या, तान्हं पोर झोळीत टाकून दगड फोडलेले आले. डॉक्टरांच्या कागदावर त्याचं नाव संधिवात. तुम्हाला दोन्ही लिहायचंय, आणि जे म्हातारपणामुळं झालं ते वेगळं, जे त्या पिढीच्या वाट्याला आलं ते वेगळं, हे सारखं डोक्यात ठेवायचं.

आता तब्येतीचा प्रश्न. पुस्तकात पाच पर्याय असतात, मी भाषांतर केलं खूप चांगली, चांगली, बरी, वाईट, खूप वाईट, आणि पहिल्या वीस जणांत सतरा जण ‘बरी’. मला वाटलं वा, पॅटर्न मिळाला. पॅटर्न कसला, आपल्याकडं बरं म्हणजे ठीक, बरं म्हणजे दुखण्यातून उठलो, आणि बरं म्हणजे तू कोण विचारणारी, हे तिन्ही असतं. शेवटी मी पर्याय बाजूला ठेवले आणि काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते विचारायला लागले. उकिडवं बसता येतं का, मांडी घालून जेवता का, देवळाची पायरी धरायला काही लागतं का. तेच मनाचं. उदास वाटतं का म्हणाल तर नाही म्हणतील, रात्री जाग किती वाजता येते आणि मग काय करता असं विचारा, ‘करमत न्हाई’ तिथं येतं.

तयार स्केल वापरणार असाल तर बाप्यांपाशी जपून. रोजची कामं स्वतःची स्वतः जमतात का हे मोजणाऱ्या लॉटन-ब्रॉडींच्या १९६९च्या स्केलमध्ये स्वयंपाक, कपडे धुणं, घरकाम आहे, आणि आपला आजोबा “मला न्हाय येत” म्हणतो ते हात थरथरतो म्हणून नाही, जन्मात चुलीपुढं गेला नाही म्हणून. मूळ स्केलमध्येही पुरुषांसाठी हे तीन प्रश्न सोडून मोजायची रीत होती. तुम्ही ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलंच नाही’ अशा दोन वेगळ्या चौकटी ठेवा.

पण एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला, गोळ्यांची पिशवी बघायला मागा. प्रत्येक घरात एक असते, खुंटीला, फळीवर नाहीतर उशीखाली, कापडाच्या दुकानाची कॅरीबॅग. ती खाटेवर उलटी करायला सांगा आणि एकेक स्ट्रिप हातात देऊन विचारा, ही कशाची, कुणी दिली, कुणी आणली, शेवटची कधी घेतली. नावं कुणालाच माहीत नसतात, गुलाबी बीपीची, पांढरी मोठी शुगरची. मी बसले होते त्या आजोबांच्या पिशवीत दहाची स्ट्रिप कात्रीनं कापून चार-चार गोळ्यांचे तुकडे होते. मला वाटलं विसरू नये म्हणून कापल्यात. तर नाही, दुकानातून चारच आणायच्या, कारण श्रावणबाळ या सरकारी पेन्शनचे पैसे जमा व्हायचे होते, आणि ते होईपर्यंत एक दिवसाआड. प्रश्नावलीत त्यांनी नियमित औषध घेता का याला हो म्हटलं होतं, आणि त्यांच्या हिशोबानं ते खरंच होतं, एक दिवसाआड नियमित. याच पिशवीत सुनेची रक्तवाढीची अर्धी स्ट्रिपही निघाली, कधीची तरी. पिशवीचा फोटो काढायचा तर विचारून काढा आणि चिठ्ठीवरचं नाव झाका.

सुनेचा विषय निघालाच आहे तर, ती शेजारी बसली की सासू बोलत नाही आणि उठून जा म्हटलं तर घरात नंतर वाजतं. मी सरळ सांगायचे की ताई, तुमचीही वेगळी मुलाखत घ्यायचीय, आधी आजींची होऊ दे. एकदम फरक पडतो, कारण तिला कुणी विचारतच नाही. उचलून बसवणारी, अंथरूण धुणारी तीच, कंबर तिचीही गेलेली असते.

लोक तुमच्याकडंही काहीतरी मागतील, बहुतेक पेन्शनचंच. श्रावणबाळ ६५च्या पुढं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, २०२३पासून महिन्याला १५०० रुपये, अर्ज तहसीलला, हयातीचा दाखला दरवर्षी, एवढं पाठ ठेवा आणि सांगा. करून देते असं मात्र म्हणू नका. मी एकदा म्हणून बसले, पुढचे दोन महिने त्या घराच्या बाजूनं जायची लाज वाटत होती.

ट्रान्स्क्रिप्ट करताना बोली सरळ करत बसू नका. ‘चालायचंच’, ‘हातपाय चालत्यात तवर’, ‘कुणाला वझं नको’ हे तसंच लिहा आणि कोडही (उत्तरांचे गट करताना द्यायची नावं) तेच ठेवा, ‘कार्यक्षमतेचा ऱ्हास’ केलंत की त्यातला माणूस गेला. कमी ऐकू येणाऱ्यांशी ओरडू नका, समोर बसून खालच्या पट्टीत सावकाश बोला, रेकॉर्डिंगही नीट येतं.

आणि दुसऱ्या फेरीला निघायच्या आधी यादी घेऊन आशाताईंना फोन करा. मी नाही केला, दारात जाऊन “आजोबा आहेत का” विचारलं, आणि आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. पिशवी अजून खुंटीलाच होती.