विरोधाच्या दिवसांत देवाच्या सत्तेवर भरवसा कसा ठेवावा

कोपरखैरण्यातील आमच्या इमारतीत दर बुधवारी संध्याकाळी एका घरी प्रार्थनासभा भरत असे. पेटी, ढोलकी, झांजा आणि बारा-पंधरा माणसे, एवढाच तिचा पसारा. एका बुधवारी आम्ही सभा आटोपून बाहेर आलो, तर दाराबाहेरच्या चपलांचा कोणीतरी मोबाइलवर फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या काचेच्या फलकात सूचना लागली की, सदनिकांमध्ये धार्मिक सभा भरवू नयेत. "देवाची इच्छा," असे म्हणून आमच्यातील एकाने विषय मिटवू पाहिला. तेव्हा ज्यांच्या घरी सभा भरत असे त्या मावशी म्हणाल्या, "सूचना सेक्रेटरींनी लावली आहे, देवाने नव्हे."

भरवशाची सुरुवात येथूनच करावी, असे मला वाटते. वाईट कृत्य ज्याने केले त्याच्या नावावर ते राहू द्यावे. देव सार्वभौम आहे याचा अर्थ जे जे घडते ते चांगलेच असते, असा नाही. बायबलमधील योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात टाकले आणि चांदीच्या वीस नाण्यांना विकले. पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, तेच भाऊ समोर उभे राहिले, तेव्हा तुमचा हेतू वाईटच होता हे त्याने त्यांना स्पष्ट सांगितले आणि त्याच कृत्यात देवाचा हेतू भल्याचा होता हेही सांगितले. पहिले वाक्य गाळून केवळ दुसरे उच्चारणे म्हणजे दुसऱ्याच्या जखमेवर घाईने झाकण ठेवणे होय. शिवाय योसेफाने ते बोलायला कित्येक वर्षे घेतली. आपण मात्र ते त्याच संध्याकाळी बोलून मोकळे होतो.

त्यानंतर तक्रार करावी, आणि ती देवापाशीच करावी. बायबलमधील हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे आहे. ते एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचावे. मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असे तो थेट विचारतो. त्याला मिळालेले उत्तर दिलासा देणारे नाही, कारण यहूदा देशातील अन्यायावर उपाय म्हणून देव बाबेलच्या खास्द्यांना, म्हणजे अधिकच क्रूर लोकांना, आणणार असतो. त्यावर हबक्कूक पुन्हा वाद घालतो आणि उत्तराची वाट पाहत बुरुजावर उभा राहतो. शेवटी अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो म्हणतो तेव्हा परिस्थिती तसूभरही बदललेली नसते. ज्यांना प्रार्थनेत रडण्याची लाज वाटते, त्यांनी त्याच्या आनंदाआधीचे दोन अध्याय वगळू नयेत.

प्रार्थनेत नेमके काय मागावे, यासाठी बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा चौथा अध्याय माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडून दिल्यावर ख्रिस्ती मंडळी एकत्र जमते आणि आकाश, पृथ्वी व समुद्र निर्माण करणाऱ्या प्रभूला हाक मारून प्रार्थनेला सुरुवात करते. मग दुसरे स्तोत्र आठवून ती येशूविरुद्ध एकत्र आलेल्या हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएल लोक यांचा उच्चार करते, आणि लगेच म्हणते की, तुझ्या हाताने व संकल्पाने जे आधीच नेमले होते तेच यांनी केले. माणसांचा दोष आणि देवाची सत्ता ही दोन्ही एकाच श्वासात येतात आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. त्यानंतरची मागणी विशेष लक्षात घ्यावी. धमक्या थांबाव्यात, असे ती मंडळी मागत नाही. "धमक्यांकडे पाहा" एवढे म्हणून ती वचन सांगण्याचे धैर्य मागते. आम्ही ही प्रार्थना सलग चार बुधवार केली आणि पहिल्या दोन वेळा, खरे सांगायचे तर, सेक्रेटरी बदलावेत एवढेच आमच्या मनात होते.

एक कटू गोष्टही तपासून पाहावी लागते. प्रत्येक तक्रार म्हणजे छळ नव्हे. दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये, असे पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात बजावले आहे. आमची ढोलकी वरच्या मजल्यावरील आजारी आजोबांना खरोखरच त्रास देत होती, आणि ते कळायला ती सूचना लागावी लागली. आता ढोलकी कपाटात असते आणि सभा साडेआठला संपते.

दोष आपला नसेल तेव्हा मात्र हातावर हात ठेवून बसणे हा भरवसा नव्हे. प्रेषित पौलाने फिलिप्पै येथे आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली; देवावर त्याचा विश्वास कमी होता, असे कोणी म्हणणार नाही. भारतीय राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सोसायटीशी बोलायचे ते लेखी अर्जाने, सभ्य भाषेत बोलावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. धमकी किंवा मारहाण झाल्यास 112 वर फोन करावा. गणपतीत पार्किंगमध्ये मांडव उभा राहतो, तेव्हा खुर्च्या मांडायला नेहमीप्रमाणे खाली उतरावे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत शेजारधर्म स्थगित करू नये.

काही प्रसंग यापेक्षा फार भयंकर असतात, आणि ठाण्याला ते नवे नाहीत. 1321 साली याच ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस या फ्रान्सिस्कन नावाच्या ख्रिस्ती संन्यासी पंथातील चौघांना त्यांच्या विश्वासासाठी ठार मारण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डनस त्या वेळी येथे नव्हता. परत आल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि याच किनाऱ्यावर आपले काम पुढे चालू ठेवले. 1329 मध्ये त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली. तलावपाळीवरून जाताना मला त्या चौघांपेक्षा हा मागे राहिलेला माणूस अधिक आठवतो. आपल्या मंडळीतील कोणावर हल्ला झाला, तर त्याच्याइतके तरी करावे. जबाब नोंदवायला सोबत जावे, औषधांच्या चिठ्ठ्या सांभाळाव्यात, घरी डबा पोचवावा. हे का घडले, याचे उत्तर त्याने विचारल्याशिवाय देऊ नये, आणि विचारलेच तर "मला ठाऊक नाही" असे म्हणून तिथेच बसून राहावे.