सीईटी पुन्हा द्यायची का: मी काढलेला हिशोब

१२ जून २०२३ ला एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला आणि पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला माझे ८७.९ पर्सेंटाइल आले, म्हणजे शंभरातली साधारण ८८ मुलं माझ्या मागे. पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. तेव्हा ते सातही आकडे पाठ होते, आता आठवत नाहीत, बरंच आहे. अपेक्षा ९५ च्या पुढची होती. स्वप्न सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कॉम्प्युटर ब्रँचचं होतं, ते तर निकालाआधीच मनातल्या मनात सोडलेलं.

त्या आठवड्यात घरात जो येईल तो मत देऊन जाई. आई म्हणे, जे मिळतंय ते घे, पोरगी घरात बसलेली मला बघवणार नाही. काकूच्या ओळखीतल्या कुणीतरी ड्रॉप घेऊन, म्हणजे वर्षभर प्रवेश न घेता पुन्हा परीक्षा देऊन, नाव काढलं होतं. माझं ठरलंच होतं, ड्रॉप. का, असं कुणी विचारलं असतं तर लाज वाटते यापलीकडे उत्तर नव्हतं. मैत्रिणींचे आकडे ग्रुपवर येत होते आणि मी मोबाईल उलटा ठेवून बसले होते.

बाबांचं नारायण पेठेत छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानातून लाल कापडी बांधणीची एक कोरी वही आणली आणि म्हणाले, "तोटा आला की आपण आधी वही उघडतो ना? तू अजून उघडलेली नाहीस."

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही हे ८७.९ या आकड्यात दिसत नाही, मार्क कुठे गेले त्यात दिसतं.

हे शोधायची सोय आहे आणि बहुतेक मुलं ती वापरत नाहीत. निकालाआधी सीईटी सेल, म्हणजे ही परीक्षा घेणारी राज्याची यंत्रणा, उत्तरांवर आक्षेप घेण्यासाठी प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये प्रश्नपत्रिका, आपण दिलेली उत्तरं आणि बरोबर उत्तरं दाखवतो. ती मुदत संपायच्या आत उतरवून ठेवा. आक्षेप घ्यायचा नसला तरी.

मी मोजलं. फिजिक्स ५० पैकी २४ बरोबर, केमिस्ट्री २८, मॅथ्स १६. मॅथ्सच्या प्रश्नाला दोन मार्क, म्हणून एकूण २०० पैकी ८४. चुकलेले किंवा सोडलेले प्रश्न ८२. मग वहीत तीन रकाने पाडले: वेळ संपला म्हणून कोरे राहिलेले, येत होतं पण चुकलं, आणि येतच नव्हतं.

पहिल्या रकान्यात १३ प्रश्न आले, सगळे मॅथ्सचे. मॅथ्सला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. मी एका इंटिग्रेशनवर सात मिनिटं घालवली होती, तीही चुकीच्या उत्तरासाठी. आणि सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही! शेवटच्या मिनिटात १३ ठिकाणी डोळे मिटून क्लिक केलं असतं तरी तीनेक बरोबर आले असते. टायमर लाल झाला आणि मी गणित सोडवत बसले. हा अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या रकान्यात ४० प्रश्न पडले आणि मला एकदम हायसं वाटलं. बघा, येत होतं मला! बाबांनी तो रकाना मान्य केला नाही. दुकानात गिऱ्हाईक "उद्या देतो" म्हणतं ती उधारी आणि हा रकाना एकच, असं त्यांचं म्हणणं. चार दिवसांनी त्यांनी तेच प्रश्न उत्तरं झाकून पुन्हा सोडवायला लावले, समोर घड्याळ ठेवून. नऊ प्रश्न दोन मिनिटांत सुटले नाहीत, ते तिसऱ्या रकान्यात गेले. मग हिशोब असा: १३, ३१, ३८. हा प्रकार नक्की करा, नाहीतर दुसरा रकाना खोटं बोलतो. सगळ्यांचाच बोलतो.

आता त्या ३८ मध्ये १९ प्रश्न अकरावीचे निघाले. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, ८० टक्के बारावीवर. अकरावीची सगळी प्रकरणंही नसतात, ठरावीकच. सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन ही मी बारावी बोर्डाच्या धांदलीत उघडलीच नव्हती. फिजिक्सचे ६, केमिस्ट्रीचे ५, मॅथ्सचे ८, मिळून २७ मार्क. म्हणजे तोट्यातला मोठा भाग दोन ठिकाणी साचलेला होता: न उघडलेलं अकरावीचं पुस्तक आणि घड्याळ. दोन्ही वर्षभरात दुरुस्त होण्यासारखं. म्हणून ड्रॉप घेतला.

हेच ३८ प्रश्न सगळ्या प्रकरणांत पसरलेले असते, तर मी घेतला नसता. ते कसं दिसतं हे मावसभावाकडे पाहिलं. तो मेडिकलची प्रवेश परीक्षा, नीट, देत होता. त्याचा पहिला ड्रॉप ठीक गेला, ६१ मार्क वाढले. त्या जोरावर दुसरा घेतला, तोच क्लास, त्याच नोट्स. २०२४ ला ९ मार्क वाढले आणि रँक मात्र आधीपेक्षा मागे गेला, कारण त्या वर्षी सगळ्यांचेच मार्क फुगले होते. त्याच्या फिजिक्सच्या ४५ प्रश्नांतल्या चुका कुठल्याच एका ठिकाणी नव्हत्या, सगळीकडे थोड्या थोड्या. मेकॅनिक्स मुळातच कच्चं. शिवाय नीटला चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, त्यामुळे अंदाजे ठोकणंही महागात पडतं. तो आता बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करतोय. तरी नीटवाल्यांचं गणित वेगळं आहे हे मान्य. सरकारी आणि खासगी सीटच्या फीमध्ये एवढं अंतर असतं की एका वर्षाची किंमत त्यापुढे कमी वाटू शकते.

जेईई मेनवाल्यांनी एक तपासा. एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. बारावीला ६८ असतील आणि श्रेणीसुधारचा, म्हणजे बारावी पुन्हा देऊन मार्क वाढवायचा, विचार नसेल, तर नुसती जेईई पुन्हा देऊन तिथलं दार उघडत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ही आयआयटीची परीक्षा दोनदाच देता येते, लागोपाठच्या दोन वर्षांत. आणि सीईटीच्या आताच्या मुलांसाठी २०२६ पासून एकाच वर्षात दोन संधी जाहीर झाल्या आहेत, चांगला पर्सेंटाइल धरणार. आमच्या वेळी हे असतं तर माझं अर्धं रडणं वाचलं असतं.

पर्सेंटाइलबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. परीक्षेला चार लाख मुलं बसली असं हिशोबापुरतं धरा. मग एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. ८८ वरून ९६ म्हणजे बत्तीस हजार जणांना मागे टाकायचं, आणि पुढच्या वर्षी तुमच्यासारखेच ड्रॉप घेतलेलेही रांगेत असतात. म्हणून "थोडा जोर लावला की होईल" हे वाक्य वहीत चालत नाही. किती मार्क, कुठून, हे लिहा. मी ३४ लिहिले होते.

त्या ३४ मार्कांनी नक्की काय मिळणार हेही आधी बघा. सीईटी सेल प्रत्येक कॅप राउंडचे, म्हणजे सामायिक प्रवेश प्रक्रियेतल्या फेरीचे, कटऑफ प्रसिद्ध करतो. त्यातले संकेत सुरुवातीला गूढ वाटतात. पुढचा जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या जागा, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, एस म्हणजे राज्य पातळी. मी चुकून आठवडाभर जनरलच्याच रकान्यातले कटऑफ वाचून खचत होते. आणि कॅपचा फॉर्म भराच, ड्रॉप ठरलेला असला तरी. ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर थोडे पैसे कापून फी परत मिळते. फॉर्मच भरला नाही तर विचार बदलायलाही जागा उरत नाही.

वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. क्लास पुन्हा लावला नाही, फक्त टेस्ट सिरीज. अकरावीची बालभारतीची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतली. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली, तिथे सगळे एमपीएससीवाले. शेजारच्या टेबलावरचा दादा चौथ्यांदा पूर्व देत होता. माझी एकच वर्षाची कथा ऐकून त्याने नुसता अर्धा चहा माझ्याकडे सरकवला.

२०२३ ला अधिक श्रावण होता, गणपती १९ सप्टेंबरला. म्हणजे पेठेत ढोलपथकांचा सराव नेहमीपेक्षा लांबलेला. संध्याकाळी सहानंतर आमच्या घरात केमिस्ट्री वाचायची असेल तर ती ताशाच्या तालावर. मी पहाटे चारला उठायला लागले, ते त्यामुळे. विसर्जनाला मैत्रिणी आल्या, गळ्यात कॉलेजची आयकार्डं तशीच. एकीने ते काढून पर्समध्ये ठेवलं, माझ्याकडे न बघता. त्या रात्री अभ्यास झाला नाही.

जानेवारीत टेस्टचे मार्क तीन आठवडे ९५ ला अडकले होते. तेव्हा खरा पश्चात्ताप झाला. कारण सापडलं ते वहीतच: दुसरा रकाना कमीच होत नव्हता. मग रोज ५० प्रश्न ८० मिनिटांत, उरलेली दहा मिनिटं कोऱ्या जागा भरायला.

२०२४ ला ११८ मार्क झाले, ९५.७ पर्सेंटाइल. सीओईपी नाही, कॉम्प्युटरही नाही. पुण्यातल्याच एका कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळालं. आदल्या वर्षी त्याच कॉलेजची कुठलीच ब्रँच मिळत नव्हती. गॅपचं प्रतिज्ञापत्र तेवढं करावं लागलं. वर्गात वर्षाने मोठी आहे हे पहिल्या महिन्यानंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

वही अजून दुकानात गल्ल्याखाली आहे. गेल्या जूनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा निकाल घेऊन आला, ८९ होते. बाबांनी त्याला मागच्या कोऱ्या पानांवर रकाने पाडून दिले. अकरावीचे त्याचे दोनच प्रश्न चुकले होते, कोरा एकही नव्हता, बाकी चुका सगळीकडे विखुरलेल्या. त्याने पान दोनदा वाचलं, वही मिटली आणि कॅपचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा ते विचारलं.