या चुका टाळा: छोटं विमान, बिघडलेलं हवामान आणि कोल्हापूरचा परिसर

हवामानात सापडलेला प्रत्येक पायलट नंतर एकच वाक्य बोलतो: “अचानक बिघडलं हो.” कोल्हापूरच्या आकाशात अचानक फार कमी घडतं. वळीव येण्याआधी दोन-तीन तास ढग उभे राहताना दिसतात. पावसाळ्यात सह्याद्रीचा माथा आदल्या दिवसापासून झाकलेला असतो. डिसेंबरात पंचगंगेच्या काठचं धुकं आणि पाचट जाळल्याचा धूर सकाळी जमिनीलगत साचतो, हे इथल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. नडते ती घाई.

“थोडं पुढं जाऊन बघू”

सगळ्यात जास्त माणसं मारणारी चूक हीच. नुसत्या नजरेवर, म्हणजे व्हीएफआरमध्ये उडताना 10,000 फुटांखाली किमान 5 किलोमीटर दृश्यमानता लागते. ढगापासून आडवं 1500 मीटर आणि उभं 1000 फूट अंतर ठेवावं लागतं. नवशिक्यांना हे आकडे परीक्षेपुरते वाटतात. जरा हिशोब करा. 100 नॉटला विमान मिनिटाला तीन किलोमीटर कापतं. म्हणजे 5 किलोमीटर दृश्यमानतेत तुमच्या हातात पुढचं दीड मिनिट आहे. ती 2 किलोमीटरवर आली की उरतात चाळीस सेकंद, आणि त्यातच ठरवायचं, वळायचं आणि डोंगर चुकवायचा.

ढगात शिरल्यावर काय होतं, ते इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये तपासलं गेलं. इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या 20 पायलटांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा परिस्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ 178 सेकंद, सर्वांत कमी 20 सेकंद. कारण कानात आहे. आतल्या कानाला सावकाश सुरू झालेलं वळण कळतच नाही. पंख हळूहळू कलतात, नाक खाली जातं, वेग वाढतो. पायलटला वाटतं आपण सरळच आहोत, फक्त उंची कमी होतेय. म्हणून तो स्टिक मागं ओढतो. कललेल्या विमानात मागं ओढलं की गोल आणखी घट्ट होतो, उंची आणखी वेगानं जाते. अशा वेळी क्रम उलटा हवा: आधी थ्रॉटल कमी, मग पंख समतल, आणि शेवटी अलगद नाक वर.

त्याच प्रयोगात पुढं ठरावीक पद्धत शिकवल्यावर तेच पायलट जवळपास प्रत्येक वेळी वळून बाहेर पडले. म्हणजे हे शिकता येतं. पण इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून, बाहेरचं दिसू न देणारं हूड लावून. व्हिडिओ बघून येत नाही.

चांगली सवय अशी: दृश्यमानता कमी होतेय असं वाटलं की चालू हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत) आणि उलटं हेडिंग दोन्ही मोठ्यानं म्हणायचं. उलटं काढायला 200 वजा करून 20 मिळवा, किंवा 200 मिळवून 20 वजा करा. 240 वर असाल तर 060. मग 15 अंश बँक (पंखांचा कल), सेकंदाला तीन अंश, एका मिनिटात वळण पूर्ण. नजर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण), मधूनमधून हेडिंग आणि उंचीवर. पन्नास-शंभर फुटांची चूक झाली तर होऊ द्या, तिच्यामागं धावू नका. नकाशा, फोन, रेडिओ, कशालाही हात नाही. आणि हे सगळं ढगाबाहेर असताना. ढगाच्या तोंडाशी पोहोचून वळायला घेतलं तर अर्धं वळण ढगातच होतं.

ढगांचा तळ कुठून मोजलाय, हे न बघणं

मेटारमधली (विमानतळाच्या हवामान अहवालातली) ढगांची उंची ही त्या विमानतळाच्या जमिनीपासून असते. अल्टिमीटर (उंचीमापक) मात्र क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, लावल्यावर समुद्रसपाटीपासून दाखवतो. वर्गात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट कोकणातून परत येताना हमखास विसरली जाते.

गोव्याचा दाबोळी विमानतळ जवळपास समुद्राच्या पातळीवर आहे. तिथं ढगांचा तळ 2500 फूट दिला, तर तो समुद्रसपाटीपासूनही साधारण तेवढाच. आता राधानगरी-दाजीपूरकडचा माथा बघा, ठिकठिकाणी 3000 फुटांच्या वर. म्हणजे गोव्यात “बऱ्यापैकी” वाटणारं आकाश घाटमाथ्यावर थेट डोंगराला टेकलेलं असतं. कोल्हापूरचा विमानतळ साधारण 2000 फुटांवर आहे. तिथं तळ 1500 फूट असेल तर अल्टिमीटरवर ढग 3500 ला लागतील, आणि नियमाप्रमाणे 1000 फूट खाली राहायचं म्हटलं तर तुम्ही 2500 वर. वायव्येला पन्हाळा-जोतिबाची रांग त्यापेक्षा उंच आहे.

तळाचा अंदाज स्वतःही काढायला शिका. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले 400 फूट. 26 आणि 23 असेल तर 1200. फरक दोन अंशांवर आला असेल आणि संध्याकाळ होत असेल, तर विमान बांधून ठेवा.

यावर काहीजण जो शॉर्टकट काढतात, तो ऐकूनच अंगावर काटा येतो: “करूळ घाटाचा रस्ता धरून ढगाखालून उतरू.” 100 नॉटला 15 अंश बँकनं मागं वळायला सुमारे 2 किलोमीटर रुंदी लागते. घाटाच्या खिंडीत तेवढी जागा नसते. 80 नॉट आणि 30 अंश बँक ठेवली तर 600 मीटरमध्ये काम होतं, पण स्टॉलचा वेगही (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत) वाढतो आणि त्यात घाटातले खाली दाबणारे झोत. खिंडीत शिरणं हीच चूक, त्यातून वळण्याचं कौशल्य दाखवू नका.

क्षितिज हरवणं

ढग नसतानाही माणूस फसतो. 16 जुलै 1999 च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर पायपर साराटोगा हे छोटं विमान घेऊन मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडं निघाले. हवेत धुरकटपणा, खाली अंधारा समुद्र. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांवर उडण्याचा परवाना, नव्हतं. विमान समुद्रात कोसळलं आणि आतले तिघंही गेले. तपासात विमानात बिघाड आढळला नाही. कारण ठरलं दिशाभ्रम. विमानात ऑटोपायलट होता. तुमच्या विमानात असेल तर पंख समतल ठेवण्याचं बटण डोळे मिटून सापडलं पाहिजे. रत्नागिरी ते गोवा किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्र आणि आकाश एकच करडा पडदा होतात, तेव्हा किनारपट्टी कायम नजरेत ठेवा. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी आपल्याकडं व्हीएफआर संपतंच.

वळीव

मोठ्या गडगडाटी ढगापासून 20 नॉटिकल मैल लांब राहा. “दोन ढगांच्या मधून” जायचा विचारही नको. ढगातून कोसळलेली थंड हवा पावसाच्या कितीतरी पुढं धावते. जमिनीवर धुळीचा लोट उठलेला दिसला, म्हणजे ती पोहोचली. अ‍ॅप्रोचवर, म्हणजे धावपट्टीकडं उतरत असताना विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) उलटा फिरला, तर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर जा, आणि लांब जाऊन थांबा. आधी समोरून आलेला वारा वेग वाढवतो, पुढच्या क्षणी मागून येऊन तो काढून घेतो. थांबायला इंधन हवं, म्हणून किमान एक तासाचं जास्त. नियमाची अर्ध्या तासाची राखीव पुरेशी मानणारे पायलट वळिवात सापडले नसावेत.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या

मेटारची वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागं) असते. 0830 म्हणजे दुपारचे दोन.

फोनवरचं रडारचं चित्र किती मिनिटांपूर्वीचं आहे ते बघा. त्या चित्रावरून ढगातून वाट काढू नका.

काचेवर पाऊस असला की आपण आहोत त्यापेक्षा उंच वाटतो, आणि अ‍ॅप्रोच खाली जातो.

कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात पावसाळ्यातल्या 25 अंशांतही बर्फ धरतो. आरपीएम आपोआप उतरले तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) पूर्ण ओढा. इंजिन आधी खडखडेल, तसंच ठेवा. घाबरून हीट परत आत ढकलणारेच इंजिन घालवतात.

रेडिओवर संकोच नको. विमान स्थिर झालं की “पॅन-पॅन” (तातडीची हाक) तीनदा, आणि सरळ सांगा की इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. कुणीच उत्तर देत नसेल तर 121.5, ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी.

शेतात उतरायची वेळ आली तर

इंजिन चालू आणि थोडं दिसत असतानाच ठरवा, जागेवरून एक फेरी मारून बघा. उसाचं शेत वरून सपाट हिरवळ दिसतं, प्रत्यक्षात तो माणसापेक्षा उंच असतो आणि विमान उलटं करतो. पावसाळ्यात नांगरलेली काळी माती पुढचं चाक धरते. ऊस तुटून गेलेलं किंवा भुईमुगाचं शेत बरं. सरीच्या दिशेनं उतरा, विजेच्या तारांसाठी आधी खांब शोधा. पूर्ण फ्लॅप, कमीत कमी वेग, नाक शक्य तितका वेळ वर. थांबल्यावर मिक्श्चर (इंधन), मॅग्नेटो (ठिणगी), मास्टर (वीज) बंद. मग टॉवरला फोन, नाहीतर त्याच हवामानात तुमच्या शोधासाठी माणसं बाहेर पडतील.