गॅसच्या भट्टीची पाइपलाइन: जोडणी करून घेताना काय पाहावं आणि गळती कशी तपासावी

बडोद्यात १९७२ सालापासून घरोघरी नळाने गॅस येतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी सिलिंडर बदलण्याची धावपळ फारशी पाहिलेलीच नाही. घरच्या ओट्यामागे गॅसची लाइन आहे हे आपण विसरूनही जातो. पण भाकरवडी, चिवडा किंवा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय वाढला आणि मागच्या खोलीत मोठी भट्टी बसवायचं ठरलं, की तोच विसरभोळेपणा महागात पडतो. घरच्या शेगडीचा एक बर्नर साधारण दोन-तीन किलोवॅटचा असतो, तर तळणाच्या भट्टीचा बर्नर सहज तीस किलोवॅटचा. म्हणजे दहापट गॅस, त्यासाठी मोठा पाइप, जास्त सांधे, आणि हे सगळं अशा खोलीत जिथे दिवसभर जाळ पेटलेला आहे.

हा लेख स्वतः पाना हातात घेऊन लाइन ओढण्यासाठी नाही. मीटर आणि त्याच्या अलीकडचं सगळं गॅस कंपनीचं असतं, त्याला हात लावायचा नाही. मीटरपासून भट्टीपर्यंतचं कामही कंपनीने मान्य केलेल्या फिटरकडूनच करून घ्यायचं. मात्र काम चालू असताना मालकाने शेजारी उभं राहावं आणि काय चाललंय ते त्याला कळावं, असं मला मनापासून वाटतं. विशेषतः गळतीची चाचणी. ती बहुतेक ठिकाणी होते, पण ज्या पद्धतीने होते त्यात गळती दिसण्याची शक्यताच नसते.

आधी भट्टीला किती गॅस लागतो ते काढा

बर्नरच्या पाटीवर किलोवॅट किंवा तासाला किलोकॅलरी लिहिलेलं असतं. नळाच्या गॅसच्या एका घनमीटरमधून ढोबळमानाने दहा किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे तीस किलोवॅटच्या बर्नरला तासाला सुमारे तीन घनमीटर गॅस हवा. घरगुती जोडणीचा मीटर आणि रेग्युलेटर एवढ्यासाठी नसतो, शिवाय व्यवसायासाठी व्यावसायिक जोडणीच घ्यावी लागते. कंपनीकडे अर्ज करताना हा आकडा द्या. पुढे आणखी एक भट्टी येणार असेल तर तिचाही धरा.

पाइपाचा व्यास याच आकड्यावर ठरतो. अर्धा इंची लाइन आहेच, तीच पुढे वाढवू, हा मोह टाळा. व्यास दुप्पट केला की तेवढ्याच दाबाच्या घटीत पाचपटीहून जास्त गॅस वाहतो, आणि पाइप बारीक राहिला की भट्टीपाशी दाब पडतो. दाब पडला की ज्योत कमजोर होते, कधी मागे बर्नरच्या आत ओढली जाते. मग कारागीर रेग्युलेटरशी खेळायला लागतात, आणि तिथून पुढचं सगळं धोक्याचं. लांबी मोजताना प्रत्येक एल्बो आणि टी यांचा अडथळाही फिटरने धरला आहे ना, हे विचारा.

मार्ग आणि सामान

लाइन शक्यतो उघड्यावर, भिंतीवरून न्यावी. टाइल्सच्या मागे पाइप लपवला की छान दिसतं, पण लपलेल्या सांध्याची गळती कुणालाच सापडत नाही. भिंतीतून आरपार जाताना मोठ्या व्यासाची स्लीव्ह, म्हणजे बाहेरून संरक्षण देणारी नळी, घालायची आणि त्या भागात एकही सांधा ठेवायचा नाही. धुराड्यातून, लिफ्टच्या पोकळीतून, वायरिंगच्या डक्टमधून लाइन नेऊ नये. गॅसचा पाइप अर्थिंगसाठी तर कधीच वापरू नये.

पाइप जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) असेल तर जाड, म्हणजे सी क्लासचा घ्या. आटे पाडल्यावर पातळ पाइपाची भिंत फारच कमी उरते. आट्यांवर गॅससाठीची जाड टेफ्लॉन टेप किंवा गॅससाठीचं सीलंट वापरायचं. नळकाम करणाऱ्याकडची पाण्याची पातळ टेप इथे चालत नाही. पहिला आटा मोकळा सोडून टेप गुंडाळावी, नाहीतर तिचे तुकडे आत जाऊन बर्नरच्या जेटमध्ये (गॅस बाहेर पडण्याच्या बारीक छिद्रात) अडकतात. अर्ध्या इंची पाइपाला साधारण दर १.८ मीटरवर आणि पाऊण किंवा एक इंचीला २.४ मीटरवर क्लॅम्प हवा. शेवटी पिवळा रंग. तो सोसायटीच्या रंगसंगतीला शोभत नसला तरी पिवळाच, कारण आग लागली तर बंबवाल्याला तो पाइप ओळखता आला पाहिजे. पण रंग चाचणीनंतरच द्यायचा. ताजा रंग बारीक छिद्र काही काळ बुजवून ठेवतो.

भट्टीपाशी तीन गोष्टी हव्यातच. पहिली, पाव वळणात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह, भट्टीपासून दीड-दोन मीटरच्या आत. तो तेलाच्या कढईवरून हात घालून गाठावा लागेल असा नको. कढईने पेट घेतला तर त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचता आलंच पाहिजे. दुसरी, व्हॉल्व्हच्या पुढे युनियन, म्हणजे पाइप न फिरवता उघडता येणारा जोड; त्यामुळे भट्टी काढता येते. तिसरी गोष्ट लोक हमखास गाळतात: ड्रिप लेग. खाली उतरणाऱ्या पाइपाच्या टोकाला टी बसवून तिच्या खाली तीनेक इंचाचं निप्पल (पाइपाचा आखूड तुकडा) आणि कॅप लावायची. आटे पाडतानाचा लोखंडाचा कीस, गंज, टेपचे धागे तिथे खाली साचतात आणि बर्नरच्या व्हॉल्व्हमध्ये जात नाहीत. दोन-तीनशे रुपयांचं काम असतं.

वायुवीजनाचं थोडक्यात. नळाचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर छताशी जमतो, म्हणून वर जाळी हवी. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो आणि गटारात उतरतो, म्हणून खाली जाळी हवी. मिथेन हवेत साधारण ५ टक्क्यांवर पेट घेऊ शकतो, एलपीजी तर २ टक्क्यांच्या आसपासच. सिलिंडरवरून नळाच्या गॅसवर येत असाल तर बर्नरचे जेटही बदलावे लागतात, आणि हे बदल बर्नरवाल्यानेच करायचे.

गळतीची चाचणी: इथे घाई नको

नेहमीचं दृश्य असं. फिटर लाइनच्या टोकाला ० ते ७ किलोचा (म्हणजे सुमारे सात हजार मिलिबारपर्यंतचा) प्रेशर गेज लावतो, पंपाने हवा भरतो, दहा मिनिटं थांबतो, काटा हलला नाही म्हणून काम पास. पण त्या गेजवरची एक बारीक रेघ शंभर ते दोनशे मिलिबारची असते. नळाचा गॅस घरात येतो तो सुमारे २१ मिलिबार दाबाने. लाइनमधून दहा मिलिबार दाब निघून गेला तरी त्या काट्याला त्याची दखलही लागणार नाही. चाचणी झाली, कागदावर सही झाली, गळती मात्र तशीच.

म्हणून पहिली अट: मापक असा हवा की ज्यावर एक-दोन मिलिबारचा फरक स्पष्ट वाचता येईल. डिजिटल मॅनोमीटर उत्तम. नसेल तर पाण्याची यू नळी, जी कुणालाही बनवता येते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप फळीवर यू आकारात बांधायची, मध्ये सेंटिमीटरची पट्टी चिकटवायची आणि रंगीत पाणी भरायचं. १ मिलिबार म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांतला सुमारे १ सेंटिमीटरचा फरक. २१ मिलिबारला जवळपास साडेएकवीस सेंटिमीटर फरक दिसतो आणि त्यातली अर्ध्या सेंटिमीटरची घटही डोळ्यांना कळते.

दुसरी अट: हवा किंवा नायट्रोजनच वापरायचा. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचं सिलिंडर हाताशी असतं, पण ऑक्सिजन कधीही नाही. तेल-ग्रीसच्या संपर्कात दाबाखालचा ऑक्सिजन स्वतःच आग लावू शकतो. आणि प्रत्यक्ष गॅस भरून पहिली चाचणी घेणं म्हणजे धोका अंगावर ओढवून घेणं.

तिसरी अट: पहिल्या टप्प्यात भट्टी जोडलेली नको. बर्नरचा गॅस व्हॉल्व्ह थोड्याच दाबासाठी बनवलेला असतो. किती, ते त्याच्या अंगावर छापलेलं असतं. नुसता बॉल व्हॉल्व्ह बंद करून पलीकडे भट्टी ठेवली आणि तो जरासा जरी गळला, तर चाचणीचा दाब बर्नरच्या आतल्या पडद्यावर जातो. युनियन उघडून भट्टी वेगळी करा आणि लाइनचं टोक कॅपने बंद करा. तसंच मीटर आणि रेग्युलेटरही वेगळे.

मग दाब भरायचा, कामाच्या दाबाच्या (रोजच्या वापरात लाइनमध्ये असतो त्या दाबाच्या) किमान दीडपट. कंपनीने यापेक्षा जास्त सांगितला असेल तर कंपनीचा आकडा अंतिम. प्रत्येक सांध्याला ब्रशने साबणाचं पाणी लावा. खालच्या बाजूला, भिंतीकडच्या बाजूला, आरसा आणि टॉर्च घेऊन. बारीक गळतीचा बुडबुडा लगेच फुगत नाही. दुधाच्या सायीसारखा पांढरा फेस हळूहळू धरतो, म्हणून एका सांध्याकडे मिनिटभर तरी बघत राहा. पितळी फिटिंगवर अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका, त्याने पितळेला भेगा पडतात.

आता मापकाचं वाचन, आणि इथे बडोद्याचं ऊन मध्ये येतं. बंद पाइपातली हवा तापली की दाब वाढतो. कामाचा दाब १०० आणि चाचणीचा १५० मिलिबार असेल तर तपमानातल्या एका अंशाला जवळजवळ चार मिलिबार. सकाळी नऊला गच्चीवरच्या लाइनमध्ये हवा भरली आणि दहापर्यंत पाइप पाच अंशांनी तापला, तर दाब वीस मिलिबार वाढू पाहतो. त्याच वेळी गळतीने पंधरा गेले असतील, तर मापकावर दाब वाढलेलाच दिसेल आणि सगळे खूश होतील. संध्याकाळी याच्या उलट, चांगली लाइनही गळकी वाटेल. पंपाने भरलेली हवाही गरम असते. म्हणून चाचणी उजाडण्याच्या सुमारास किंवा पूर्ण सावलीत करा. हवा भरल्यावर पंधरा मिनिटं काहीही न वाचता थांबा, मग दाब नोंदवा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा नोंदवा. दोन्ही वेळी पाइपाजवळचं तपमानही लिहा. तपमान तेच आणि दाब घटलाय, तर गळती आहे. मग ‘थोडंसं चालतं’ ही भाषा नको. सांधा उघडून आटे पुसून नव्याने बसवायचा. वरून एम-सील थापणं ही दुरुस्ती नव्हे.

दुसरा टप्पा भट्टी जोडल्यावर. कामाच्या दाबाइतकीच हवा भरून, बर्नरचे कॉक बंद ठेवून, यू नळीवर पुन्हा तसंच पाहायचं. यात युनियन, बर्नरपर्यंतचे सांधे आणि त्याचे कॉक सगळं तपासून होतं.

गॅस सोडणं आणि पहिली ज्योत

हे कंपनीच्या माणसासमोरच. लाइनमधली हवा काढून गॅस भरताना ती हवा नळीने उघड्या जागी सोडायची. भट्टीच्या पोटात किंवा बंद खोलीत नाही. आसपास पेटती शेगडी, उदबत्ती काही नको, दिव्याचं बटणही दाबायचं नाही. आता गॅस असलेल्या लाइनवर एकदा साबणाचं पाणी फिरवा. नंतर सगळे कॉक बंद ठेवून मीटरचे शेवटचे आकडे दहा मिनिटं पाहा. ते अजिबात हलता कामा नयेत.

बर्नर पेटवल्यावर ज्योत विझली की गॅस आपोआप थांबतो का, हे जरूर पाहा. साध्या बर्नरला हे संरक्षण थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणारा सेन्सर, देतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या हीट ट्रीटमेंटच्या ब्लोअर भट्ट्यांना दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे-बंद होणारे) व्हॉल्व्ह आणि ज्योत ओळखणारा सेन्सर लागतो. तो सेन्सर तार जोडून बायपास केलेला दिसला, तर त्या दिवशी भट्टी पेटू देऊ नका.

पुन्हा चाचणी कधी

चाचणीची तारीख, दाब, वेळ आणि तपमान एका कागदावर लिहून मीटरपाशी लावा. वर्षातून एकदा, आणि भट्टी हलवली किंवा एखादा सांधा उघडला की लगेच, दुसरा टप्पा पुन्हा करून घ्या. शिवाय आपल्याकडे विश्वामित्री नदीचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कितीतरी तळमजले पाण्याखाली गेले होते. रेग्युलेटरला श्वास घेण्यासाठी एक छोटं छिद्र असतं. त्यात पाणी किंवा गाळ गेला तर तो दाब नीट सांभाळू शकत नाही, कधी दाब एकदम वाढतो. नवी जोडणी घेताना मीटर आणि रेग्युलेटर पुराच्या खुणेच्या वर बसवायला सांगा. पाणी चढलंच, तर वीज आणि गॅस दोन्ही बंद करा. ओसरल्यावर कंपनीने रेग्युलेटर तपासेपर्यंत किंवा बदलेपर्यंत भट्टी पेटवू नका.

वास आला तर मीटरपाशचा व्हॉल्व्ह बंद करा, कुठलंही बटण न दाबता सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच फोन करा. नळाच्या गॅससाठी कंपनीचा आपत्कालीन नंबर बिलावर असतो, एलपीजीसाठी १९०६, आग दिसली तर १०१. हे तिन्ही नंबर भट्टीच्या खोलीत नाही, बाहेरच्या दरवाज्यावर लिहून ठेवा.